'टाउट' म्हणजे थाप मारणं नव्हे

परवा भाचीची भाषांतराची वही तपासत होतो. इंग्रजी वाक्य साधं होतं: दुष्काळी तालुक्यांसाठी नगदी पीक म्हणून ड्रॅगन फ्रूट 'टाउट' (tout) केलं जातंय. तिने लिहिलेलं, 'ड्रॅगन फ्रूट हे नगदी पीक असल्याची थाप मारली जात आहे.' विचारलं तर म्हणाली, "मामा, अर्थ तोच आहे. ग्रुपवर आलंय." आणि मोबाइल पुढे केला. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला. परीक्षेला बसणारी पोरं हे पाठ करतायत, म्हणून लिहितोय.

मेसेजचा मुख्य दावा असा: टाउट म्हणजे खोटं बोलून माल खपवणं, त्यामुळे बातमीत 'टाउटेड अ‍ॅज' दिसलं की ती गोष्ट बोगस समजा. साफ चूक. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडून बघा. एखादी व्यक्ती किंवा वस्तू मोलाची आहे हे लोकांना पटावं म्हणून तिची स्तुती करणं, हा अर्थ तिथे दिलाय. उदाहरणात पक्षाची पुढची नेता म्हणून एका बाईचं नाव पुढे केलं जातंय. यात कोण कुणाला गंडवतंय? कौतुक दुसरं कुणीतरी करतंय, बातमीदार त्याची हमी घेत नाही, एवढंच 'टाउटेड' सांगतं. दावा खरा की खोटा, यावर ते क्रियापद बोलतच नाही.

मराठीत यासाठी शब्दांचा तोटा आहे का? कुणी पिकाची शिफारस करत असेल तर 'भलामण'. ढोल जरा जास्तच वाजतायत असं मागच्या-पुढच्या वाक्यांवरून वाटलं तर 'गवगवा'. 'थाप' मात्र कुठेच बसत नाही, कारण थाप म्हटली की खोटेपणा सिद्ध झालेला असतो. जत-सांगोल्याकडे ज्यांनी सिमेंटचे खांब रोवून बागा उभ्या केल्या, त्यांना माझ्या भाचीने एका शब्दात फसलेले ठरवून टाकलं होतं.

'कायद्यात हा शब्द गुन्हेगारासाठी आहे,' हा मेसेजमधला दुसरा मुद्दा. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. नाम म्हणून 'टाउट' आपल्याकडे बदनामच आहे. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टनुसार वकिलाकडून मोबदला घेऊन त्याला अशील मिळवून देणारा तो टाउट. तो कायदा रद्द करताना २०२३ च्या दुरुस्तीने ही तरतूद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आणली: टाउटांच्या यादीत नाव असताना हे काम केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे झालं नामाचं. क्रियापदाला त्याच पिंजऱ्यात का उभं करता?

'सभ्य इंग्रजीत चालत नाही' हे तर सोडूनच द्या, चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो सर्रास असतो.

राहिली व्युत्पत्ती. म्हणे फ्रेंचमधल्या 'सगळं' अशा अर्थाच्या शब्दावरून, 'सगळं विकणारा तो टाउट'. तो फ्रेंच शब्द दिसतो तसाच, पण उच्चार 'तू', आणि मूळ लॅटिन. इंग्रजी 'टाउट' जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ डोकावणं. त्यावरून टेहळणी करणं, मग गिऱ्हाइकावर डोळा ठेवणं, पुढे रेसच्या घोड्यांवर पाळत ठेवणं, आणि वाखाणणं सगळ्यात शेवटी. मराठीत 'हेर' आणि 'गिऱ्हाईक हेरणं' यांचं नातं असंच नाही का? स्वारगेटला बॅग घेऊन उतरा. "कुठं जायचं, दादा?" हे शब्द कानावर पडायच्या आधी ते विचारणाऱ्या, गिऱ्हाईक शोधणाऱ्या माणसाने तुमची बॅग आणि तुमची भिरभिरती नजर हेरलेली असते.

हे ऐकल्यावर भाचीने 'थाप' खोडली. 'भलामण' लिहिलं, थांबली, आणि पुढचा परिच्छेद पुन्हा वाचायला घेतला.