मालागात गाडीशिवाय पान हलत नाही?

स्पेनला जायचं ठरलं की कुणीतरी तो मजकूर पाठवतंच. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला, शेवटचा चुलत सासऱ्यांकडून. मथितार्थ असा: "दक्षिण स्पेनमधल्या मालागाला उतरल्या उतरल्या विमानतळावरच गाडी भाड्याने घ्या. शहरात जायला टॅक्सीशिवाय सोय नाही. किनाऱ्यावरची गावं ट्रेनने जोडलेली नाहीत. कामिनितो देल रेयची पायवाट, ग्रानाडा शहर, दोन्ही गाडीशिवाय अशक्य. आईवडील बरोबर असतील तर विचारच करू नका, गाडी घ्याच."

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार. पण यातलं बरंचसं खोटं आहे, आणि जे खरं आहे ते मालागा शहराबद्दलचं नाही.

शहरात जाण्यापासून सुरुवात करू. विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला, आठेक किलोमीटरवर. टर्मिनलबाहेर पडून थोडं चाललं की जमिनीखाली लोकलचं स्टेशन आहे. या लोकलला तिथे 'सेर्कानियास' म्हणतात, आणि हा तिचा सी-1 मार्ग. दर 20 मिनिटांनी गाडी येते आणि बारा-एक मिनिटांत मालागा सेन्त्रो-आलामेदाला, म्हणजे जुन्या शहराच्या उंबऱ्यावर सोडते. तिकीट साधारण दोन युरोंच्या आत. काळजी एवढीच घ्यायची, की 'फुएन्खिरोला' लिहिलेली गाडी उलट्या दिशेने जाते. पहिल्या खेपेला मी नेमकी तीच पकडली आणि बॅगांसकट तोरेमोलिनोसचं दर्शन घेऊन परतलो.

मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला वीस मिनिटं युगासारखी वाटतात. पण हा मार्ग बराचसा एकेरी रुळांचा आहे. समोरची गाडी ठरावीक स्टेशनांवरच ओलांडता येते, त्यामुळे फेऱ्या वाढवायला जागाच नाही. रात्री लोकल बंद होते, म्हणून मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांनी टॅक्सी करावी. 20-25 युरो होतील. तेवढ्यासाठी आठवडाभराची गाडी घ्यायची?

तसंही मुंबईहून मालागाला थेट विमान नाही. बरेच जण माद्रिद बघून खाली येतात, आणि त्यांना मालागाच्या विमानतळाचं तोंडही बघावं लागत नाही. डिसेंबर 2007 मध्ये वेगवान रेल्वे मालागापर्यंत पोचली. पाचशेहून अधिक किलोमीटरचं अंतर अडीच-पावणेतीन तासांचं झालं. उतरायचं मारिया साम्ब्रानो स्टेशनवर. स्टेशनला नाव आहे याच प्रांतात जन्मलेल्या तत्त्वज्ञ बाईंचं, आणि हे मला फार आवडतं. तिथेच लोकल मिळते आणि शेजारी एल पेर्चेलला मेट्रो. मेट्रो 2014 पासून धावते, 2023 मध्ये ती आतारासानास बाजारापर्यंत पोचली. विमानतळावर मात्र ती जात नाही, उगाच शोधू नका.

आता आईवडिलांचा मुद्दा. हाच सगळ्यात भावनिक आणि सगळ्यात फसवा. जुन्या शहराचा गाभा पादचाऱ्यांचा आहे. कायये लारिओस हा तिथला मुख्य रस्ता, त्यावर गाड्या चालतच नाहीत. म्हणजे हॉटेल आत असेल तर तुमची गाडी दारापर्यंत जाणार नाही. ती पैसे भरून तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि तिथून बॅगा ओढत, आईबाबांना चालवत न्यायचं. त्यापेक्षा टॅक्सीवाला जास्त जवळ सोडतो. भरीला 2024च्या अखेरीपासून शहरात कमी उत्सर्जनाचं क्षेत्र लागू झालंय. तिथे कुठली गाडी चालते, कुठली नाही, ही आणखी एक डोकेदुखी. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गेलात तर मिरवणुकांसाठी मधले रस्ते तासन् तास बंद असतात. तेव्हा पार्किंगमधली गाडी ही निव्वळ ठेव असते.

आणि बघायचं असतं ते जवळजवळच आहे. पिकासो संग्रहालय आणि आल्काझाबा किल्ला यांत काही मिनिटांचं अंतर, मालागेता किनाराही चालत गाठता येतो. टेकडीवरच्या हिब्राल्फारो किल्ल्याचा चढ मात्र गुडघ्यांना भारी आहे. त्यासाठी 35 नंबरची बस थेट वर जाते. किनाऱ्यावरच्या पेद्रेगालेखो वस्तीत होडीतल्या निखाऱ्यांवर भाजलेले सार्डिन खायचे असतील तर 11 नंबर. माझ्या आईने मासे खाल्ले नाहीत, पण होडीत चूल बघून ती अर्धा तास हलली नाही.

किनाऱ्यावरच्या गावांबद्दल मजकूर अर्धा खरा आहे. पश्चिमेला तोरेमोलिनोस, बेनाल्मादेना, फुएन्खिरोला ही तिन्ही सी-1वर आहेत. रेल्वे संपते फुएन्खिरोलाला. त्यापुढचं मार्बेया एवढं मोठं शहर असूनही तिथे ट्रेन नाही, आणि पूर्वेच्या नेर्खालाही नाही. दोन्हीकडे बसेस मात्र नियमित जातात. 'ट्रेन नाही' याचा अर्थ 'सोय नाही' असा लावणं हे आपल्याकडच्या माणसाने तरी करू नये. कोकणात रेल्वे येण्याआधी आपण लाल डब्यातूनच जात होतो ना?

कामिनितो देल रेयचं उदाहरण तर मजकुराच्या मुळावरच येतं. दरीच्या कड्याला चिकटलेली ही पायवाट 2015 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. ती एकाच दिशेने चालायची असते: उत्तरेकडून आत शिरायचं आणि दक्षिणेला एल चोर्रोला बाहेर पडायचं. मधे सात-साडेसात किलोमीटर. म्हणजे गाडी एका टोकाला उभी आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला. शेवटी सगळेच एकाच शटल बसमध्ये चढतात, गाडीवाले आणि बिनगाडीवाले. एल चोर्रोला रेल्वे स्टेशन आहे. गाड्या दिवसाला मोजक्याच, त्यामुळे वेळ बघून प्रवेशाचं तिकीट काढावं, उलटं नको. ग्रानाडाला बस पावणेदोन तासांच्या आसपास घेते. तिथे खरी अडचण असते अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या वेळ ठरलेल्या तिकिटांची, आणि ती गाडीने सुटत नाही.

गाडी कुठे हवी, तेही सांगतो. रोंदा या डोंगरी शहरापलीकडची पांढरी गावं, ग्रासालेमा, साआरा दे ला सिएर्रा, अशी एकामागून एक बघायची असतील तर बसच्या वेळापत्रकात दिवस वाया जातो. तिथे गाडी घ्यावीच. पण दोन दिवसांसाठी, आणि शहर बघून झाल्यावर. मारिया साम्ब्रानो स्टेशनवरच भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं आहेत. निघण्याआधी इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, अनामत अडकवायला क्रेडिट कार्डावर पुरेशी मर्यादा ठेवा, आणि ऑटोमॅटिक गाडी मागा. रस्त्याची बाजू आपल्या उलटी, त्यात उजव्या हाताने गिअर. रोंदाचा घाट हे शिकायची जागा नाही.