गिरणी, खानावळ आणि दहा घास

काका, नमस्कार.

मुंबईतल्या 'फाइन डाइन'वरच्या, म्हणजे महागड्या, निवांत जेवणाच्या हॉटेलांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ज्या गिरण्यांत आमच्या बापांनी घाम गाळला, तिथे बसून हजारो रुपयांचे दहा घास खायचे आणि वर त्याचं कौतुक! माझे वडील लालबागला खानावळीत जेवायचे. त्या बाईला कोणी शेफ म्हटलं नाही." खाली सही नुसती 'एक गिरणगावकर', म्हणून काका म्हणतोय. चालवून घ्या.

शेवटचं वाक्य लागलं. बाकीच्यावर मात्र थोडं भांडणार आहे.

जागेबद्दल तुमचं खरंच आहे. 'मास्क' हे हॉटेल महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ साली सुरू झालं, 'बॉम्बे कँटीन' त्याआधी वर्षभर लोअर परळच्या कमला मिलमध्ये. पण गिरण्या या हॉटेलांनी बंद पाडल्या नाहीत. १९८२च्या संपानंतर जे व्हायचं ते झालं, जमिनी मोकळ्या झाल्या, आणि मोठं स्वयंपाकघर थाटण्याइतकी जागा शहरात दुसरीकडे कुठे उरली होती? त्याआधी असं जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेलच. शेफ राहुल आकेरकरांनी १९९९ साली कुलाब्याच्या मंडलिक रोडवर एका बंगल्यात 'इंडिगो' काढलं, ते या सगळ्यातलं मोठं वळण. २०१८ला तेही बंद झालं. म्हणजे नुसता पैसा छापायचा धंदा म्हणावा, तर तसाही नाही.

आता दहा घास. मास्कमध्ये मेन्यूकार्डातून निवडायची सोय नाही. साधारण दहा पदार्थ, ते ठरवतील तसे, एकामागून एक येतात. याचीच तुम्हाला चीड आली, आणि मला गंमत वाटते ती इथेच. काका, खानावळीत तरी कुठे मेन्यूकार्ड होतं? बाई जे रांधेल ते पानात. कारण दोन्हीकडे एकच : आज किती पानं उठणार हे चुलीपाशी आधीच माहीत असतं. मग बाजार बेतून करता येतो, उरलंसुरलं फेकावं लागत नाही, आणि सगळं लक्ष मोजक्या पदार्थांवर राहतं.

फरक पडतो तो पुढे. मिसळीच्या हॉटेलात एक टेबल दिवसाला कितीदा रिकामं होतं ते दारातल्या रांगेत उभं राहिलं की कळतं. इथे दोन-तीन तास तुम्हीच बसलेले. त्या टेबलाचं भाडं, आतल्या माणसांचे पगार, लडाखहून येणारी सीबकथॉर्नसारखी आंबट फळं, सगळं तुमच्या एकट्याच्या बिलात. म्हणून ते स्वस्त ठरत नाही, पण लूटही ठरत नाही. (सर्व्हिस चार्जबद्दल तुम्ही चिडलात ते रास्त आहे. तो आपोआप बिलात लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलंय. सरळ काढायला सांगा. मी सांगतो, बायको दुसरीकडे बघते.)

माझाही एक राग आहे, तुमच्याच बाजूचा. एका हॉटेलात, नाव नको, वेटरने चिमट्याने ताटलीच्या कडेला हिरवा ठिपका ठेवला आणि इंग्रजीत 'ग्रीन चिली रेलिश' म्हणाला. जिभेला लावला तर ठेचा! लसूण, मिरची, जाडं मीठ, खलबत्त्यात कुटलेला, अगदी आजीच्या हातचा. मी "ठेचा आहे ना?" विचारलं, तर तो पोरगा हसला आणि हळूच म्हणाला, "हो दादा, पण तसं सांगायचं नाही." पैसे दिल्याचं दुःख नाही झालं. त्या 'सांगायचं नाही'चं झालं.

आणि म्हणूनच तुमचं ते शेवटचं, खानावळीतल्या बाईबद्दलचं वाक्य लागलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीवर धान्य आणायच्या, पगार झाला की कामगार पैसे चुकते करणार, तोवर सावकाराचं व्याज चढत राहायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. हे मला ठाऊक होतं. तरी गिरण्यांतल्या या हॉटेलांवर मोठा लेख लिहिताना एक ओळही लिहिली नाही. मास्कला २०२३च्या 'आशियातल्या ५० सर्वोत्तम' हॉटेलांच्या यादीत सोळावा नंबर मिळाला हे मात्र दोनदा लिहिलं.

दुसऱ्यांदाचा उल्लेख काढतोय. त्या जागी खानावळीचा परिच्छेद घालणार आहे, पण माझ्याकडे आहे ती ऐकीव माहिती. तुमच्या वडिलांची खानावळ कुठल्या चाळीत होती? महिन्याचे किती घेत? आणि मटण कुठल्या वारी असायचं, रविवारी की पगाराच्या दिवशी?