‘आयत्या गादी’विषयी: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बर्लिनच्या ‘नाथान इस्राएल’ या भव्य दुकानाचा ज्यू वारस विल्फ्रिड इस्राएल याच्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया नोंदवली आहे. आपण नाव दिलेले नाही, केवळ ‘एक लातूरकर’ अशी सही केली आहे. मीही लातूरचाच असल्यामुळे गावकऱ्याच्या नात्याने हे उत्तर लिहीत आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात देतो. लेखात विल्फ्रिडचे जन्मस्थळ चुकले आहे. १९३९ मध्ये नाझी राजवटीत दुकान हातचे जाणारच होते, म्हणून नोकरांना वाटलेला पैसा त्याग ठरत नाही. काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना पगार किती मिळत होता याविषयी लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘आयत्या गादीवर बसलेल्याला दानधर्म करायला काय लागते? तुम्ही स्वतः दुकानदाराचे चिरंजीव, तुम्हाला त्याचे भरून येणारच.’

पहिली गोष्ट मान्य. विल्फ्रिडचा जन्म ११ जुलै १८९९ रोजी लंडनमध्ये झाला, मी बर्लिन लिहिले होते. चूक माझी आहे, लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानतो. मात्र ही दुरुस्ती आपल्याच म्हणण्याच्या आड येते, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. लंडनमध्ये जन्मल्यामुळे त्याच्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता. ज्यू दुकानांवर बहिष्कार घालण्यासाठी १ एप्रिल १९३३ रोजी नाझींची माणसे दारात उभी राहिली, त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला असता तरी त्याला कोणी अडवले नसते. तो १९३९ पर्यंत थांबला. मधल्या काळात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला अटक केली, मारहाणही केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले, त्या भीषण रात्रीनंतर दुकान फोडले गेले आणि त्याच्याकडचे नोकर बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत डांबले गेले, तेव्हा त्यांना सोडवून आणण्यासाठी खटपट करणारा हाच ‘आयत्या गादीवरचा’ माणूस होता.

आता आपल्या त्या वाक्याविषयी. मतभेदाचे मला वावडे नाही. मी पंधरा वर्षे लिहितो आहे आणि या पानावर माझी मते खोडून काढणाऱ्यांना मी नेहमीच जागा दिली आहे. परंतु एखाद्याचे म्हणणे खोडण्याऐवजी त्याचा बाप काय करत होता हे काढायचे, ही पद्धत मला पटत नाही आणि आपल्या भागातील जुन्या माणसांनाही ती कधी पटली नसती. मी दुकानदाराचा मुलगा आहे. ते मी लपवलेले नाही आणि त्याची मला लाज वाटावी असे काही घडलेलेही नाही. उलट, गादी ‘आयती’ म्हणजे नेमकी कशी मिळते हे मी घरात पाहिले आहे, म्हणूनच तो लेख माझ्या हातून लिहिला गेला.

गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत आमचे कापडाचे दुकान होते. १९७१ मध्ये आजोबा अचानक गेले, तेव्हा वडील एकोणीस वर्षांचे होते. गादीबरोबर त्यांच्या वाट्याला सुरत आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांची देणी आली, खेड्यापाड्यांत अडकलेली उधारी आली, आणि आजोबांकडून लग्नाकार्यासाठी उचल घेतलेली चार माणसे आली. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला जात होते, बस्ता बांधायला कोण येणार? वडिलांना पुढे शिकायचे होते. ते शिकले नाहीत. चौघांपैकी कोणालाही त्यांनी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटले नाही, आणि आईच्या पाटल्या गेल्या त्या कशासाठी गेल्या हे मला फार उशिरा कळले. याला आयते मिळणे म्हणतात काय, हे आपणच सांगावे.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्याच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. सकाळी किल्लारीकडून आलेली माणसे दुकानासमोर उभी राहिली आणि त्यांनी पांढरे कापड मागितले. वडिलांनी मांजरपाटाची ठाणे खाली ओढली. मीटरपट्टी त्यांनी हातातच घेतली नाही. हाताने वार मोजायचे, कात्रीने काठाला जराशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडत न्यायचे, असे ते दुपारपर्यंत करत राहिले. कापड फाटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. संध्याकाळी त्यांच्या बोटांची पेरे सोलवटलेली होती. मी सोळा वर्षांचा होतो आणि माझे काम घड्या करून देण्याचे होते.

आमच्या काउंटरवरचा सर्वांत जुना माणूस औसा तालुक्यातला. त्याचे घर पडले, घरातली दोन माणसे गेली. तो चौदा महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिला आणि या काळात दुकानात आला नाही. दर महिन्याला त्याची रक्कम घेऊन मी एसटीने जात असे. एकदा रोजमेळ लिहिताना मी ती रक्कम धर्मादाय खात्यात टाकली. वडिलांनी ती ओळ माझ्याकडून खोडून घेतली आणि पगार खात्यात लिहायला लावली. एवढेच म्हणाले, ‘त्याचं हाय ते.’

विल्फ्रिडने जर्मनी सोडून निघालेल्या आपल्या ज्यू नोकरांना दोन वर्षांचा पगार दिला, हे वाचताना मला ती खोडलेली ओळ आठवली. आपण त्याला ‘दानधर्म’ म्हणता. तो दानधर्म नव्हता, पगार होता. १८१५ मध्ये सुरू झालेले, बर्लिनच्या नगरसभागृहासमोर उभे असलेले, दोन हजारांवर माणसांचे पोट चालवणारे दुकान एखाद्याच्या अंगावर येते, तेव्हा त्याला माल आणि इमारत मिळते, तशी ही माणसेही मिळतात, आणि ती त्याने निवडलेली नसतात. विल्फ्रिडचा ओढा मुळात कलेकडे होता. पौर्वात्य मूर्ती जमवाव्यात, प्रवास करावा, असा त्याचा स्वभाव. त्याला गादी हवी होती असे त्याच्या आयुष्यात कोठे दिसत नाही. मिळालेल्या माणसांचे देणे मात्र त्याने स्वतःचे मानले. इतकी साधी गोष्ट तुम्हाला दिसत नसेल, तर दोष लेखाचा नाही, हे मला स्पष्टच म्हणावे लागेल.

दुकान जाणारच होते, मग त्यात त्याग कसला, या आपल्या प्रश्नावर फार लिहिण्याची मला गरज वाटत नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये दुकान हातचे गेले हे खरे, पण जाणारा पैसा स्वतःसाठी वाचवता येतो तसा दुसऱ्यासाठीही खर्च करता येतो, आणि कोणी काय केले हे नोंदलेले आहे. मुलींच्या पगाराचा मुद्दा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो या लेखात का नाही असे विचारणे मला अप्रस्तुत वाटते.

आणि गादी गेल्यावर त्याने काय केले, हे आपण लेखाच्या उत्तरार्धात वाचले असते तर बरे झाले असते. ज्यू मुलांना जर्मनीबाहेर काढून ब्रिटनमध्ये नेण्याच्या मोहिमेची जुळवाजुळव करणाऱ्यांमध्ये तो होता. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले त्या मार्गाने वाचली. १९४३ मध्ये तो पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये अडकलेल्या निर्वासितांना पॅलेस्टाईनचे प्रवेश परवाने मिळवून देण्यासाठी गेला. १ जून रोजी लिस्बनहून परत येताना त्याचे प्रवासी विमान जर्मन लढाऊ विमानांनी बिस्केच्या उपसागरावर पाडले. विमानातील सतराही जण गेले. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या मूर्ती मृत्युपत्राप्रमाणे आजच्या इस्रायलमधील हाझोरेआ या किबुत्झकडे, म्हणजे सामूहिक वसाहतीकडे, गेल्या, आणि १९५१ पासून तेथे त्यांचे संग्रहालय आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, त्या वाक्यासह ती जशीच्या तशी राहील. पुढच्या वेळी नावानिशी लिहावे, ही विनंती. माझे वडील आता नाहीत, पण त्यांच्या दुकानात चढलेल्या कोणत्याही माणसाला ते आधी नाव आणि गाव विचारत, मग पाणी देत.