हेन्रीची तलवार आणि कॉन्स्टन्सचा हक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिसिलीच्या राण्यांवरच्या लेखाखाली तुम्ही सडेतोड लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन. एक, सिसिली (म्हणजे ते बेट आणि दक्षिण इटली मिळूनचं राज्य) जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीने तलवारीच्या जोरावर घेतली, त्याची बायको कॉन्स्टन्स निव्वळ सोयरिकीतलं प्यादं, तिला मी उगाच डोक्यावर घेतलं. दोन, तिच्या बाळंतपणाची तंबूवाली गोष्ट मी मुद्दाम गाळली.

तलवार होतीच, कोण नाही म्हणतंय? 1194 च्या स्वारीत पिसा आणि जिनोआची गलबतं होती, आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड याला कैदेतून सोडण्यासाठी वसूल केलेली खंडणीही कामी आली. पण हेन्रीने सिसिलीवरच हक्क सांगावा, हे आलं कुठून? कॉन्स्टन्स ही राज्य स्थापणाऱ्या दुसऱ्या रॉजरची मुलगी, बाप वारल्यावर 1154 मध्ये जन्मलेली. गादीवरचा दुसरा विल्यम तिचा भाचा, पण आत्याच त्याच्याहून जवळपास वर्षभराने लहान! त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणून 1186 मध्ये तिचं हेन्रीशी लग्न लागायच्या सुमारास सरदारांकडून तिच्या वारसाहक्काची शपथ घेतली गेली. विल्यम 1189 मध्ये गेला आणि शपथ गेली वाऱ्यावर. गादीवर बसला टँक्रेड, रॉजरचा नातू खरा, पण अनौरस.

आता 1191 बघा. नेपल्सच्या वेढ्यात रोगराई पसरली, हेन्रीने काढता पाय घेतला आणि बायको राहिली सालेर्नोत. वारं फिरलेलं पाहून गावकऱ्यांनी तिला टँक्रेडच्या हवाली केलं. पुढे तिच्या सुटकेसाठी पोप तिसरा सेलेस्टिन मध्ये पडला. नुसत्या प्याद्यासाठी एवढी ओढाताण कोण करतं?

तंबूचं म्हणाल तर, चाळिशीतल्या बाईला मूल कसं होईल, ही कुजबुज टाळायला ती इटलीतल्या येसी गावाच्या भर बाजारात तंबू ठोकून बायकांदेखत बाळंत झाली, असं सांगतात. समकालीन साक्षीदारांकडून याला दुजोरा नाही, म्हणून गाळली. 26 डिसेंबर 1194 ला येसीत तिचा मुलगा फ्रेडरिक जन्मला, हे मात्र पक्कं. आदल्याच दिवशी तिकडे पालेर्मोत हेन्रीचा राज्याभिषेक झाला होता. फ्रेडरिक खाटकाचं पोर असल्याची आवई शत्रूंनी उठवली, आणि मला तरी हीच कुजबुज जास्त बोलकी वाटते. आईचं रक्तच खोटं ठरवलं की मुलाचा सिसिलीवरचा दावा कोसळतो, हे उठवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

तुमच्या प्यादेवादाची खरी परीक्षा 1197 मध्ये, हेन्री मेसिनात वारल्यावर होते. कॉन्स्टन्सने त्याचा खास माणूस, आन्वायलरचा मार्कवर्ड, राज्याबाहेर घालवला. मे 1198 मध्ये मुलाला पालेर्मोत सिसिलीचा राजा म्हणून अभिषेक करवला आणि त्याच्या नावापुढची जर्मन राजेपणाची पदवी काढून टाकली. सासरच्या साम्राज्याचं लोढणं तिला माहेरच्या राज्याच्या गळ्यात नको होतं. नोव्हेंबरात ती गेली, जाताना मुलाचं पालकत्व पोप तिसऱ्या इनोसंटकडे सोपवून.

एवढ्यापुरतं तुमचं खरं, की तिची घडी टिकली नाही. मार्कवर्ड परतला, 1201 मध्ये त्याने पालेर्मो घेतलं आणि सात वर्षांचाही न झालेला फ्रेडरिक त्याच्या हाती लागला. त्या धुमाळीवर पुढच्या लेखात लिहितो, तेव्हा भांडायला जरूर या.