खडखड की खुळखुळ?

सेकंडहँड गाडी बघायला गेलो तेव्हा तिचं इंजिन आधीच तापलेलं होतं. आपण येणार म्हणून माणसाने गाडी सुरू करून गरम करून ठेवली, याला मी अगत्य समजलो. थंड इंजिन पहिल्या किल्लीला उठतं का, उठताना किती कुरकुरतं, धूर कुठल्या रंगाचा सोडतं, हे समोरच्याला कळू नये म्हणूनही इंजिन तापवून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. खिशात सत्तावीस मुद्द्यांची यादी होती आणि 'बॉनेटवर हात ठेवून बघणे' हा तिच्यातला पहिलाच मुद्दा होता. मी हात ठेवला. चटका बसला. आणि मी म्हणालो, "वा!"

दोन सीट, कापडी छप्पर, मागच्या चाकांना जोर, लांब नाक आणि लाल रंग. अशा गाडीपुढे याद्या टिकत नाहीत. मालक म्हणाले, "फक्त रविवारीच काढायचो हो." मीही मान डोलावली, जणू उरलेले सहा वार गाडी म्हातारी होत नाही. टायरची नक्षी बोटाने चाचपली, खोल होती. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते वाचायचं मात्र घरी आल्यावर सुचलं. टायर बाराव्या वर्षात होते. माझी मुलगी चौथीत आहे. म्हणजे टायर तिच्याहून थोरले.

पण डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. ही गोष्ट मी घरी तीनदा सांगितली. चौथ्यांदा सांगायला मुलीला शेजारी बसवलं आणि किल्ली अर्धी फिरवली.

"बाबा, इंजिनाचा दिवा कुठाय?"

"नाहीच लागलेला. तेच तर सांगतोय."

"पण आत्ता सगळेच लागलेत. ऑइलचा, बॅटरीचा, ब्रेकचा. मग तोच का नाही?"

किल्ली अर्धी फिरवली की गाडी दिव्यांची हजेरी घेते. प्रत्येकाने एकदा उजळून 'हजर' म्हणायचं आणि इंजिन सुरू झालं की खाली बसायचं. हजेरीलाच जो उठत नाही तो गुणी नसतो, गैरहजर असतो. चौथीतल्या मुलीला हजेरीचा हा नियम माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

चार स्क्रू काढून मीटरचा डबा बाहेर ओढला. (परत बसवताना तीनच लागले. चौथा कुठे गेला हे मी कुणाला विचारलेलं नाही.) तबकडीच्या मागे, बरोबर इंजिनाच्या चित्रावर, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा. इतक्या नेटकेपणाने कापलेला की कापणाऱ्याबद्दल क्षणभर आदरच वाटला. तुकडा सोडवला, किल्ली फिरवली, आणि ते पिवळं चित्र असं झळकलं की बरीच वर्षं कुणीतरी तोंड दाबून धरलं असावं. इंजिन सुरू झालं तरी ते विझेना. पट्टी मी पुरावा म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून चिकटवून ठेवली.

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याला लागेल अशा जागी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं. त्यात स्कॅनर खुपसला की गाडी आपलं दुखणं सांकेतिक भाषेत सांगते. माझी म्हणाली, 'पी०१७१'. म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडलं की नाही, ते एक्झॉस्टमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून सांगतो. मी विचार केला, तक्रार सेन्सरने केली आहे, तर सेन्सरच बिघडला असणार. हाच न्याय ऑफिसात मला लावतात तेव्हा मात्र मी चिडतो.

जुना सेन्सर निघायला दोन दिवस लागले. एक्झॉस्टच्या उष्णतेने तो तिथे असा रुजला होता की गंज सोडवायचं तेल मारा, गॅसची टॉर्च मारा, बोलणी मारा, ढिम्म. शेवटी पान्याला लांब पाइप लावून लोंबकळलो, तेव्हा आधी माझ्या बोटांची सालं निघाली आणि मग सेन्सर. नवा बसवला, कोड पुसला, दिवा विझला. एक दिवस मी अत्यंत नम्रपणे वावरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत हजर. मग हवा मोजणारा सेन्सर काढून खास स्प्रेने धुतला. एअर फिल्टर बदलला. प्लग बदलले. पेट्रोल फिल्टरही बदलणार होतो, पण बायको म्हणाली, "एकदा तो दिवाच बदलून बघ ना."

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. कमी बोलणारा माणूस. मी काय काय बदललं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, ताप गाडीला आहे. तुम्ही थर्मामीटर बदललात."

त्यांनी माझाच स्कॅनर मागितला. त्यात कोडच्या पलीकडे एक पान असतं, तिथवर मी कधी गेलोच नव्हतो. गाडीचा कॉम्प्युटर हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त ओततोय, ते तिथे दिसतं. गाडी जागेवर नुसती घुरघुरत असताना आकडा अधिक २४. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेलं, आकडा उतरून ६. "कुठून तरी चोरून हवा घेतेय," ते म्हणाले. हवा मोजायच्या सेन्सरला चुकवून एखाद्या चिरेतून थोडी हवा आत शिरते. इंजिन जागेवर असताना लागणारी एकूण हवाच कमी, म्हणून ही चोरटी हवा त्यात मोठी दिसते. इंजिन जोरात असताना भरपूर हवेत ती दिसेनाशी होते. सेन्सर खोटा बोलत असता तर दोन्हीकडे सारखाच बोलला असता. मग त्यांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून फिरवू लागले. एका जागी थांबले. नळी माझ्या कानाला दिली.

स्स्स्स.

इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या पोटाखालून जाणाऱ्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका नळीला खालच्या बाजूने चीर होती. वरून बघितलं तर धडधाकट. तेवढा तुकडा कापून नवा बसवला, दोन क्लिपा आवळल्या, खेळ खलास. रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात ते हेच, आणि पखालीचं बिल अर्थातच जास्त होतं.

दिवा विझला. आता बॅटरी उतरू लागली.

चार दिवस गाडी उभी राहिली की पाचव्या दिवशी किल्लीला नुसतं 'टक्'. बॅटरी नवी, चालू गाडीत चार्जिंग १४.२ व्होल्ट, म्हणजे भरतेय बरोबर, पण उभ्या उभ्या कुठेतरी गळतेय. त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मल्टिमीटर लावायचा आणि गाडी झोपेत किती करंट खातेय ते बघायचं. मी लावला. आणि सहज, सवयीने, गाडी सुरू होते का बघावं म्हणून किल्ली फिरवली. स्टार्टर मोटर शंभराच्या वर अँपियर मागते. मीटरच्या पोटातला फ्यूज दहाचा. त्याने जाताना आवाजही केला नाही.

त्यानंतर मीटर दाखवू लागला ०.००. गळती शून्य! मी घरात जाहीर केलं की बॅटरीचा प्रश्न सुटला. कसा सुटला, असं बायकोने विचारलं तेव्हा "कनेक्शन साफ केली ना" असंही म्हणालो. हा शून्य गाडीचा नसून मीटरचा आहे, हे कळायला पुढचे चार दिवस आणि आणखी एक 'टक्' लागला.

दुसऱ्या खेपेला मेहुणा मदतीला आला. शिस्तीत काम केलं. गाडीच्या कॉम्प्युटरला पूर्ण झोप लागायला अर्धा तास जातो आणि दार उघडं दिसलं की तो जागा होतो, म्हणून दाराच्या खटक्यात स्क्रू ड्रायव्हर घालून तो बंद केला. दार उघडं, पण गाडीच्या लेखी बंद. मग आम्ही दोघे पाळण्याशेजारी बसावं तसे कुजबुजत बसलो. अर्ध्या तासाने मीटर ०.४२ अँपियरवर थांबला. निरोगी गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत हवा. एकेक फ्यूज उपसायला घेतला. सातव्या फ्यूजला आकडा धप्पकन ०.०१ वर आला. झाकणावर त्या फ्यूजपुढे लिहिलेलं पुसट झालं होतं, पण 'लाइट' एवढं वाचता आलं.

"भावजी, बारा व्होल्ट गुणिले ०.४२," मेहुणा म्हणाला, "पाच वॉट. छोटा दिवा असणार एखादा. डिकीतला?"

डिकी उघडली. दिवा लागलेला होता. पण डिकी उघडली की तो लागणारच, त्यासाठीच असतो. बंद केल्यावर विझतो का, ते बघायला आत कोणीतरी हवं. मुलगी आनंदाने पुढे झाली. तिच्या आईने एका शब्दात प्रकरण मिटवलं. मग फोनवर व्हिडिओ सुरू करून तोच आत ठेवायचं ठरलं.

इथे मला दुसऱ्या दुखण्याबद्दल सांगायला हवं, कारण ते तोवर वेगळं चाललं होतं. गाडी वळणावर मागून आवाज करायची. मिस्त्रींना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "खडखड की खुळखुळ?"

मी गप्प. म्हणालो, "आवाज येतो."

"साहेब, आवाज सगळ्याच गाड्यांचा येतो." आणि मग त्या अबोल माणसाने फोनवर मला जो पाठ दिला तो मी लिहून ठेवला आहे. इंजिनाच्या वरच्या अंगाला टिकटिक असेल तर टॅपेट, फार काळजी नको. खालच्या अंगाला ठकठक असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि मला फोनही नंतर करा. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ म्हणजे चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढली तर डावं, डावीकडे वळताना वाढली तर उजवं, कारण भार बाहेरच्या चाकावर जातो. खड्ड्यात खडखड झाली तर सस्पेन्शनचं बुश नाहीतर लिंक. थंड इंजिन सुरू करताना चीं झाली तर बेल्ट. आणि खुळखुळ म्हणजे सुटं काहीतरी.

मग घरात मतदान झालं. माझ्या मते खडखड. बायकोच्या मते गडगड. मेहुणा मान बाहेर काढून बसला आणि आत येऊन म्हणाला, "खट्‌... गुर्र... खट्‌." मुलगी म्हणाली, "कंपासपेटीसारखा." या मताची नोंद कुणी घेतली नाही. मला खडखडच हवी होती, कारण स्पोर्ट्स कारला शोभेल असा आजार सस्पेन्शनचाच. मी मागच्या दोन्ही लिंका मागवल्या.

त्या बसवायला चाकं काढावी लागतात आणि प्रत्येक चाकाचा एक नट चोरापासून राखायला वेगळ्या घडणीचा असतो. तो फक्त त्याच्याच चावीने फिरतो. ती चावी गाडीत कुठेच नव्हती. जुन्या मालकांना विचारलं तर म्हणाले, "असेल की गाडीतच." टायरवाल्याने शेवटी चारही नटांवर लहान मापाचे सॉकेट हातोड्याने ठोकून बसवले आणि दात-ओठ खात नट उपटले. टायर बदलले, लिंका बदलल्या, साधे नट घातले. वळणावर आवाज तसाच.

तर फोन डिकीत ठेवला, झाकण लावलं, आणि उघडायच्या आत मेहुणा म्हणाला, "थांबा भावजी, आलोच आहे तर एक चक्कर मारून येतो." फोनसकट गेला.

आल्यावर चौघांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. झाकण बंद होतं, अंधार व्हायला हवा, पण दिवा निवांत जळतोय. बॅटरीचा चोर सापडला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छाती काढली. तेवढ्यात गाडी वळली. त्याच दिव्याच्या उजेडात, जॅकच्या खोबणीतून चकचकीत काहीतरी बाहेर आलं, खट्‌ करून डाव्या भिंतीला लागलं, गुर्र करत उजवीकडे गेलं, खट्‌, आणि परत जागेवर जाऊन बसलं. चक्कर संपेपर्यंत ते अकरा वेळा बाहेर आलं.

नटांची चावी होती.

"कंपासपेटी," मुलगी म्हणाली.

डिकीच्या दिव्याचा खटका नुसता वाकलेला होता, तो पक्कडीने सरळ केला. चावी साफ करून खिळ्याला टांगली. आता ती कुठल्याच नटाला लागत नाही. पावसात गालिचा भिजायचा, त्याचीही तपासणी झाली. गोडसर वास नव्हता, म्हणजे हीटरमधून गळणारं कूलंट नव्हे, साधं पाणी. छपरातलं पाणी खाली नेणारी भोकं पाल्याने तुंबली होती. मऊ केबल घालून मोकळी केली. हे काम दहा मिनिटांत झालं म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

त्यानंतर दोन महिने गाडी गुणी मुलीसारखी वागली. परवा संध्याकाळी छप्पर उघडून आम्ही बापलेक फेरफटका मारून परतत होतो. खडखड नाही, खुळखुळ नाही. सिग्नलला थांबलो.

"बाबा, दिवा."

पिवळं चित्र पेटलं होतं.

"हजेरी घेत असेल," मी म्हणालो.

"हजेरी सुरुवातीला घेतात."

स्कॅनर माझ्या सीटखालीच होता. मी काही हललो नाही. तिने डॅशबोर्डचा कप्पा उघडला, आतली चिकटपट्टी नखाने हळूच सोडवली आणि अजून चिकटते का ते बोटाला लावून बघितलं. चिकटत होती.