नर्तकीचे पितृत्व

बडोद्यात एखादा पुतळा कोणी घडवला असे विचारले, की उत्तर देणारा क्षणाचाही विलंब न लावता 'फेलिची' असे सांगून मोकळा होतो. ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराला सयाजीराव महाराजांनी खरोखरच काम दिले होते आणि लक्ष्मी विलास राजवाड्यात त्याची शिल्पे आजही आहेत. पण तेवढ्या भांडवलावर गावातील प्रत्येक दिवाणखान्यातल्या मूर्तीचे पितृत्व त्याच्या माथी मारण्याची जी प्रथा पडली आहे, तिचे भोग दांडिया बाजारातील मामांच्या घरची नर्तकी आणि तिच्यापायी मी, असे दोघे भोगत आहोत.

ही नर्तकी हातभर उंच आहे. पोशाख ब्राँझचा, चेहरा, हात व पाय हस्तिदंताचे, बैठक हिरव्या ऑनिक्स दगडाची. केस आखूड कापलेले आणि एक पाय हवेत. अशा मूर्ती १९२०–३०च्या दशकांत पॅरिस आणि बर्लिन येथील कारखान्यांतून निघत. राजवाडा तर १८९०मध्येच पूर्ण झाला होता. हे मी मामांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी पानाला चुना लावता लावता, "खरा कलावंत काळाच्या पुढे असतो," असे सांगून मला गप्प केले.

सही आहे, म्हणजे होती. ती ऑनिक्सच्या कडेवर कोरलेली होती. परंतु ब्राँझला पितळ समजून मामी दर दिवाळीला मूर्ती चिंचमिठाने घासत आल्या. बैठकीचा हा ऑनिक्स संगमरवराच्याच जातीचा, त्याला आंबट मुळीच सोसत नाही, त्यामुळे ब्राँझ लखलखले आणि शिल्पकार मात्र वर्षानुवर्षे ओघळत गेला. उत्तरायणातून उरलेला पतंगाचा कागद त्यावर धरून मी पेन्सिल घासली, कडेने बॅटरीचा उजेड पाडला, तेव्हा आरंभी एक उभी रेघ व तिच्या डोक्याजवळ काहीतरी, आणि शेवटी आणखी एक उभी रेघ, एवढा ऐवज हाती आला. पहिले अक्षर 'एफ' असेल तर अशाच मूर्ती घडवणारा जर्मन शिल्पकार फर्डिनांड प्राइस संभवतो. 'पी' असेल तर त्याच पंथातला प्रोफेसर ओटो पोएर्ट्झेल. शेवटची रेघ पोएर्ट्झेलच्या 'एल'ला जुळते, प्राइसच्या 'एस'ला जुळत नाही. पण ती रेघ आहे की भेग, हे भिंगालाही ठरवता येत नाही. फेलिचीला मात्र 'एफ' आणि 'आय' अशी दोन्ही टोके जुळतात, हे मामांनी माझ्याआधी हेरले.

मला खरा लळा लागला तो पोएर्ट्झेलचा. हा जर्मन गृहस्थ १९६३पर्यंत हयात असूनही, त्याची आणि प्राइसची कामे इतकी सारखी दिसतात, की 'पोएर्ट्झेल' हे प्राइसचेच टोपणनाव आहे असे संग्राहक पुढे कित्येक वर्षे खुशाल मानत होते. ज्याला स्वतःचे अस्तित्वही दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेले पाहावे लागले, त्याच्यासाठी भिंगाखाली डोळे फोडून घ्यायला माझी ना नाही.

या संशोधनात प्रारंभी साऱ्या कुटुंबाचा उत्साही सहभाग होता. शिपारूस नावाच्या रुमानियन शिल्पकाराच्या अशाच नर्तकी परदेशी लिलावांत लाखोंना जातात, हे मामेभावाला कळल्यापासून घरात सौंदर्यदृष्टीची साथच आली होती. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली आहे, हे मीच वाचून दाखवले. शिल्पकार कोणीही निघाला तरी इथे विकून दमडी मिळणार नाही, हे ध्यानात येताच साथ ओसरली आणि मैदानात मामा व मी उरलो.

आता एकच उपाय शिल्लक आहे. बैठकीच्या तळाशी एक गंजलेला नट आहे. तो सोडवून मूर्ती वेगळी केली, तर ब्राँझवर कारखान्याचा शिक्का सापडू शकेल. तेथे प्राइस आणि कासलर यांच्या बर्लिनमधील कारखान्याची 'पी के' ही अक्षरे निघाली, तरी माझा प्रश्न सुटणार नाही, कारण त्या कारखान्यातून पोएर्ट्झेलचीही कामे बाहेर पडत. फेलिची मात्र कायमचा बाद होईल. ही सर्व बाजू मी मामांना प्रामाणिकपणे समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, मान डोलावली आणि घरातील एकुलता एक पाना उचलून कपाटात ठेवून कुलूप लावले.