चूक पाठीमागे होते

'फ्लाय फिशिंग शिकायला क्लास कशाला? यूट्यूबवर सगळं आहे की!' हे मी स्वतः सहा महिने छातीठोकपणे सांगत होतो. म्हणून आज थोडं बोलतो.

साध्या गळाला वजन असतं. ते भिरकावलं की दोरी मागोमाग जाते. इथे उलटा कारभार. फ्लाय म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, हुकावर गुंडाळलेली चिमूटभर पिसं. तिला वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं लाइनला, म्हणजे जाडसर दोरीला, आणि फेकायची असते तीच. आधी ती मागे न्यायची, पाठीमागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. मागे ती ताणली गेली तरच रॉड नीट वाकतो, आणि वाकलेला रॉडच तिला पुढे पाठवतो.

म्हणजे सगळी गडबड होते पाठीमागे, आणि आपले डोळे समोर पाण्यावर! मला वाटायचं, जोर कमी पडतोय. मग आणखी जोर. लाइन पायाशी गोळा, लीडरला (लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला) गाठीच गाठी, मध्येच चाबकासारखा फट्‌ आवाज आणि फ्लाय गायब. (अशा किती गेल्या, ते घरी अजून सांगितलेलं नाही.)

शेवटी एका बाईंकडे दोन तास शिकायला गेलो. ना पाणी, ना मासा. गवतावर उभं केलं आणि फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायला लावला. पाच मिनिटं नुसतं पाहिलं, मग माझं मनगट पट्ट्याने रॉडच्या मुठीला बांधून टाकलं. "मनगट मोडताय. आणि थांबत नाही आहात. मान वळवून मागे बघा."

बघितलं. लाइन हवेत अजून उलगडतच होती आणि मी तिला पुढे खेचायला निघालेलो. रॉड घड्याळाच्या १० आणि २ च्या मध्येच हलवायचा, हे मला तोंडपाठ होतं हो, पण हात मागे जात होता पार ४ पर्यंत! व्हिडिओतल्या माणसाला माझा हात कुठून दिसणार?

माझं म्हणणं एवढंच की क्लास करायचा तर पहिल्या आठवड्यात करा. सहा महिन्यांची सवय मोडायला मला नंतर अख्खा सीझन गेला. सुरुवातीला ९ फुटी, ५ वेटचा (म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनसाठीचा) साधा रॉड पुरतो. महागड्या रॉडचे पैसे शिकवणीत घाला. पाणी वाचणं, मासा कुठे दबा धरून बसलाय ते ओळखणं, हे दोन तासांत येत नाही, तसं कुणी कबूल करत असेल तर दुसरा शिक्षक शोधा.

आणि हो, टोपी-गॉगल घालूनच जा. माझा हुक टोपीत रुतला होता, डोळ्यापासून चार बोटांवर.